पप्पांसाठी स्वतःच्या मापाने स्वेटर डिझाईन करायचाय, टाके किती घालायचे हे ठरवतात कसं?

राजारामपुरीची_लोकर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातच राहते, विणकाम आत्याकडून शिकले. आतापर्यंत दोन बाळांचे स्वेटर, एक लेकीचा आणि एक नवऱ्याचा हाफ स्वेटर एवढं झालंय, पण सगळं कुणीतरी लिहून दिलेलं बघून, म्हणजे एवढे टाके घाला, एवढ्या ओळी विणा, आता दोन्ही बाजूला कमी करत जा, तसं. हात चांगला बसलाय, वेणीची वीण पण जमते, पण ते "एवढे टाके" येतात कुठून हे मला अजून कळलेलं नाही आणि आता ते शिकल्याशिवाय पुढं जाता येणार नाही अशी वेळ आलीय.

झालंय असं की पप्पा रोज पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर फिरायला जातात. डिसेंबर-जानेवारीत तळ्यावरून गार वारा येतो, शाल सांभाळत चालता येत नाही, आणि रेडीमेड फुल स्वेटर घातला की अर्ध्या फेरीत घाम येतो मग तो काढून हातात घेऊन यायचा. त्यांना पाहिजे पुढून बटणाचा, बिनबाह्यांचा, हात मोकळे राहतील असा, आणि आत मोबाईल ठेवायला खिसा. असा तयार मिळतो पण त्यांच्या अंगाला बसत नाही. छाती ३८ आणि पोट ४१. छातीला बसणारा पोटावर बटणं ताणतो आणि पोटाला बसणारा घेतला की खांदे दंडावर उतरतात. पुस्तकातलं ३८ चं माप घेऊ की ४२ चं, आणि दोन्ही मिसळायचं असेल तर कसं? एका व्हिडिओत १०० टाके सांगतात, दुसऱ्यात त्याच मापाला १२४. कुणाचं बरोबर?

लोकर अजून घेतली नाही. महाद्वार रोडला जायच्या आधी इथं विचारावं म्हटलं. गणित मला चालतं, फक्त कुठून सुरू करायचं ते सांगा.

मंगळवारपेठ_काकू

अगं दोघांचंही बरोबर असेल, कारण त्यांची लोकर वेगळी, सुई वेगळी, आणि हात तर वेगळाच. टाक्यांचा आकडा दुसऱ्याचा घ्यायचाच नसतो, तो आपल्या हातातून काढायचा असतो, एवढं एक कळलं की अर्धं काम झालं बघ.

पहिल्यांदा कपाट उघड. पप्पांच्या अंगात सगळ्यात चांगलं काय बसतं, एखादं जुनं जाकीट, बंडी, हाफ स्वेटर, जे घातलं की ते दिवसभर काढत नाहीत असं काहीतरी असेलच. ते फरशीवर सपाट पसर, ओढायचं नाही, हाताने नुसतं सारखं करायचं आणि टेपने माप. काखेखाली रुंदी किती, पोटाशी किती, खांद्यापासून खालपर्यंत उंची किती, मुंढा म्हणजे काखेजवळची गोलाई किती खोल, गळा किती रुंद. ही कपड्याची मापं. मग पप्पांना उभं करून अंगाची मापं घे. या दोन्हीतला जो फरक येतो तो त्यांना आवडणारा सैलपणा. कुणाला २ इंच आवडतो कुणाला ५, तो पुस्तकात नसतो, त्यांच्या त्या जुन्या कपड्यातच असतो.

दुसरं म्हणजे तुकडा विणायचा. आणि हे मी जीव तोडून सांगते, कारण इथंच सगळ्या घाई करतात. दोन इंचाचा तुकडा विणून त्यावर पट्टी लावलेली चालत नाही, कडेचे टाके कायम ओढलेले असतात. चांगला ६ इंच रुंद, ६ इंच उंच विण, त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, त्याच विणीत. मग तो धू. स्वेटर जसा धुणार तसाच धुवायचा, साबण पण तोच, आणि वाळवायचा पण तसाच. वाळल्यावर मधले ४ इंच मोजायचे, आडवे टाके किती आणि उभ्या ओळी किती. टाके ४ ने भागले की इंचाला किती ते आलं, ते लागेल त्या इंचांनी गुणलं की झाले तुझे टाके. एवढंच गणित.

आणि अर्धा टाका इकडे तिकडे झाला तर काय होतंय असं म्हणू नको हं. २०० टाके घातले आणि इंचाला ५ बसले तर ४० इंच, तेच साडेपाच बसले तर साडेछत्तीस सुद्धा नाही भरत. माझ्या धाकट्या दिराचा स्वेटर असाच गेला, तुकडा विणला होता पण धुतला नव्हता. पहिल्या धुण्यात तो खाली खाली उतरला, उंचीला जवळजवळ ३ इंच वाढला, आणि बिचाऱ्याने तो काही न बोलता दोन हिवाळे घातला. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

शाहूपुरी_विणकर

काकूंनी सगळं सांगितलंय, मी फक्त सुयांचं सांगते कारण त्यात माझी एक आख्खी पाठ उसवायला लागली होती. आपल्याकडं दुकानात सुया जुन्या इंग्लंडच्या नंबरावर मिळतात, त्यात नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिमी, १२ नंबर पावणेतीन. व्हिडिओ अमेरिकेतला असेल तर तिथं उलटं, नंबर मोठा तशी सुई जाड, आणि त्यांची ८ नंबर ५ मिमीची असते. म्हणजे "८ नंबर" ऐकून तुम्ही घ्याल ४ ची आणि ती बाई विणतीय ५ वर. तुम्हाला १०० आणि १२४ दिसले त्याचं कारण हे पण असू शकतं. म्हणून नंबर सोडून द्या, मिमी लिहून ठेवा. सुईवर मिमी छापलेलं असतं, पुसलं गेलं असेल तर भोकांची पट्टी मिळते, तिच्यात घालून बघायचं.

कातर_आणि_टेप

ताई, मी विणकाम करत नाही, शिलाई करतोय २५ वर्षं झाली, शर्ट, सफारी, जाकीट. तरी बोलतो कारण तुमची अडचण लोकरीची नाही, मापाची आहे.

छाती ३८ पोट ४१ असं गिऱ्हाईक रोज येतंय. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, पोटाची वाढ सगळी पुढं असते, पाठ पोट सुटलं म्हणून रुंद होत नाही. म्हणून ४२ चं माप घेतलं की पाठ पण मोठी होते, खांदे पण मोठे होतात आणि तुम्ही म्हणता तसे दंडावर उतरतात. पाठ छातीच्या मापानं कापायची, खांदा खांद्याच्या मापानं, आणि पोटाला पाहिजे तेवढं फक्त पुढच्या दोन भागात द्यायचं. तुम्ही विणणार म्हणजे तुम्हाला तर आमच्यापेक्षा सोपं, पाहिजे तिथं टाके वाढवा नाहीतर कमी करा.

दुसरं, पोट नुसतं रुंदी खात नाही, उंची पण खातं. तुम्ही बघितलं असेल, पोट असलेल्या माणसाचा शर्ट पुढून वर उचललेला दिसतो आणि मागून लांब. कपडा पोटावरून वळसा घालून खाली येतो म्हणून तो पुढं कमी पडतो. आम्ही पुढच्या भागाला मध्यभागी पाऊण-एक इंच जास्त देतो. बाजूची शिलाई मात्र दोन्हीकडं सारखीच पाहिजे, वाढ फक्त मधल्या कडेला.

माप घेताना पप्पांना सांगू नका की "नीट उभे राहा". नीट उभं राहा म्हटलं की माणूस पोट आत घेतो. गप्पा मारत मारत घ्या, आणि फिरायला जाताना जो शर्ट असतो तो अंगात असू दे. खांद्याचं माप मागून घ्या, हाडापासून हाडापर्यंत.

मुंढ्याचं एक सांगतो. लोकांना वाटतं मुंढा खोल ठेवला की हात मोकळा. बाही असेल तर उलटं होतं, खोल मुंढ्याच्या कपड्यात हात वर केला की सगळा कपडा वर येतो. तुमच्या कपड्याला बाही नाही म्हणून तो प्रश्न नाही, पण फार खोल केला तर काखेतून वारा शिरणार, आणि वाऱ्यासाठीच तर करताय. ४२ च्या तयार घेराला शर्टावरून घालायला १० इंच पुष्कळ झाला.

राजारामपुरीची_लोकर

सगळ्यांचे खूप खूप आभार, मला वाटलं नव्हतं इतकं कुणी सांगेल. काल सगळं करून बघितलं, लिहिते.

पप्पांची एक जुनी खादीची बंडी निघाली, तीच त्यांची आवडती. तिच्यावरून सैलपणा छातीला ४ इंच येतोय. म्हणजे तयार छाती ४२, आणि पोटाला ४४ धरते. खांदा हाडापासून हाडापर्यंत १६, उंची २५, मुंढा १० (टेलरदादांचं बरोबर निघालं), गळ्याची रुंदी साडेसहा इंच. पुढून व्ही गळा.

मध्यम जाडीची ॲक्रिलिक लोकर घेतली, गडद राखाडी, आधी एकच गुंडा घेतला तुकड्यासाठी आणि दुकानदाराला त्याच लॉटचे बाकीचे बाजूला ठेवायला सांगितलेत. ४ मिमीच्या सुया. तुकडा धुवायच्या आधी ४ इंचात २३ टाके होते, धुऊन वाळल्यावर २२ झाले! ओळी ३०. म्हणजे इंचाला साडेपाच टाके आणि साडेसात ओळी. आधीच मोजून बसले असते तर २३ धरून जवळजवळ १० टाके जास्त घातले असते. काकू, तुमच्यामुळे वाचले.

आता इथून पुढं पाठीचं मला जमेल असं वाटतंय, २१ इंच गुणिले साडेपाच म्हणजे साडे११५. पण पुढचे दोन भाग, मध्ये बटणपट्टी, मुंढ्याला किती कमी करायचे, गळ्याला किती, हे एकमेकांत अडकतंय. कुणी एकदा करून दाखवेल का?

शाहूपुरी_विणकर

दाखवते. वहीत सोडवलं, एकदा तुम्ही पण ताडून बघा.

पाठ ११६ टाके. जोड संख्या घेतली की दोन्ही बाजू सारख्या होतात.

पुढचा प्रत्येक भाग पाठीच्या निम्मा म्हणजे ५८. पण थांबा, मध्ये बटणपट्टी येणार. पट्टी सव्वा इंच रुंद धरू, दोन पट्ट्या एकमेकींवर येतात आणि त्यांचा मध्य छातीच्या मध्यावर पडतो. म्हणजे प्रत्येक भाग मध्यापासून पट्टीच्या निम्म्याइतका अलीकडे थांबायला पाहिजे, सव्वा इंचाचं निम्मं गुणिले साडेपाच, साधारण ३ टाके. ५८ वजा ३, राहिले ५५. हे छातीपाशी. पोटाला २ इंच जास्त पाहिजेत, ते टेलरदादा म्हणाले तसे फक्त पुढं, एकेका भागाला १ इंच, म्हणजे साडेपाच टाके, आपण ६ घेऊ. म्हणून खाली सुरुवात ६१ टाक्यांनी करायची आणि काखेपर्यंत बाजूच्या कडेने ६ टाके कमी करत ५५ वर यायचं.

ते ६ कुठं कमी करायचे? खालपासून काखेपर्यंत १५ इंच. पहिले ८ इंच सरळ विणा, तिथं पोट आहे. मग दर आठव्या ओळीला एक टाका, ६ वेळा, म्हणजे ४८ ओळी, साडेसहा इंचाला थोडं कमी. काखेच्या जरा आधी संपतं.

मुंढा. खांदा १६ पण काखेला बॉर्डर लावणार ना, ती दोन्ही बाजूला एकेक इंच बाहेर येणार, म्हणून विणलेली पाठ वरती १४ इंच पुरे. १४ गुणिले साडेपाच ७७, घेतले ७८. ११६ मधून ७८ गेले, ३८ कमी करायचे, एका बाजूला १९. त्यातले ८ एकदम बंद करा, ती काखेची बैठक, उरलेले ११ एक ओळ सोडून एक असे एकेक. मग मुंढ्याच्या १० इंचापर्यंत सरळ, ७६ ओळी होतात एकूण.

वर ७८ उरले. गळा साडेसहा इंच म्हणजे ३६ टाके. राहिले ४२, एका खांद्याला २१. खांद्याला उतार द्यायला ते २१ एकदम बंद करू नका, ७, ७, ७ असे तीन वेळा, काखेच्या बाजूने.

आता पुढचा भाग, ५५ मधून मुंढ्याचे तेच १९ गेले, ३६ राहिले. खांदा पाठीच्या खांद्याशी जुळायला २१ पाहिजे. म्हणजे व्ही गळ्यासाठी १५ कमी करायचे. पाठीचा अर्धा गळा १८, त्यातून पट्टीचे ३ गेले की १५. दोन्हीकडून एकच आकडा आला की समजायचं सगळं बरोबर बसलं. मला हा क्षण फार आवडतो खरंच, पहिल्यांदा आला तेव्हा मी ओरडून आईला उठवलं होतं.

व्ही ८ इंच खोल ठेवूया, छाती झाकलेली राहील. ८ इंच म्हणजे ६० ओळी, ६० भागिले १५, दर चौथ्या ओळीला एक टाका. मुंढा सुरू झाल्यावर १६ ओळी सरळ विणून मग गळा सुरू करायचा.

शिलाईत प्रत्येक कडेचा एक टाका आत जातो, चार कडा म्हणजे पाऊण इंच, पण तुमचा सैलपणा ४ इंच आहे त्यात ते निघून जाईल. खालच्या बॉर्डरला सव्वातीन मिमीची सुई घ्या पण टाके तेवढेच ठेवा, पोटावर बॉर्डर आवळायला नको.

राहिली पुढची जास्तीची उंची. १ इंच म्हणजे ८ ओळी. त्या फक्त मधल्या कडेला पाहिजेत, बाजूला नकोत, म्हणून अर्ध्यातून वळायच्या ओळी करायच्या. बटणाच्या कडेकडून ४५ टाके विणायचे, वळायचं, परत यायचं, या दोन ओळी झाल्या. मग एक इंचभर नेहमीसारखं पूर्ण विणून पुन्हा तसंच, या वेळी ३६ वर वळायचं. मग २७, मग १८. चार वेळा झालं की मधली कड ८ ओळींनी उंच होते आणि बाजू होती तेवढीच राहते. वळताना टाक्याला लोकरीचा एक वेढा द्या नाहीतर तिथं भोक दिसतं, आणि पुढच्या पूर्ण ओळीत तो वेढा टाक्याबरोबर एकत्र विणून घ्या. हे सगळं बॉर्डरच्या वर, त्या पहिल्या ८ इंचातच.

लोकर किती लागेल ते पण काढता येतं. तुमच्या तुकड्याचं वजन किती भरलं?

राजारामपुरीची_लोकर

देवा, किती नीट लिहिलंय तुम्ही, प्रिंट काढून वहीत चिकटवते. तुकडा ६ बाय ६ चा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर १० ग्रॅम भरला.

शाहूपुरी_विणकर

मग ३६ चौरस इंचाला १० ग्रॅम. तुमचा सगळा स्वेटर बॉर्डरी धरून अंदाजे ९४० चौरस इंच होतोय, म्हणजे २६० ग्रॅम. शिलाई, बटणपट्टीची दुसरी पदर आणि उसवाउसवी धरून ३०० घ्या, सगळे एकाच लॉटचे. उरलं तर पप्पांना टोपी होईल.

आणि हे झाल्यावर लेकीला बाह्यांचा, डोक्यातून घालायचा करायचा असेल तर एलिझाबेथ झिमरमन (१९१०-१९९९) या बाईंची टक्केवारीची पद्धत बघा. जन्म इंग्लंडचा, नंतर अमेरिकेत गेल्या. त्यांचं म्हणणं, छातीच्या घेराचे जे टाके येतील ते १०० टक्के धरायचे आणि बाकी सगळं त्याच्या हिशोबात. मनगटाला २०, दंडाला ३३ ते ३५, काखेला ८, गळ्याला ४०. समजा लेकीचा तयार घेर २८ इंच, तुमच्या याच गेजला, म्हणजे इंचाला साडेपाच टाके या हिशोबाला, १५४ टाके. मग मनगट ३१, दंड ५१, काख १२, गळा ६२ च्या आसपास. लहान मुलांना, सडपातळ माणसांना मस्त बसतं, पण पप्पांसारख्या अंगाला नुसत्या टक्केवारीवर जाऊ नये, तिथं टेलरदादाच पाहिजेत.

हत्ती_चपटा_का

मध्येच विचारतो. बायकोने मुलाच्या स्वेटरवर हत्ती विणला, शाळेच्या चौकटीच्या वहीत छान काढला होता, विणल्यावर बसका झाला. तिची चूक काय झाली?

शाहूपुरी_विणकर

वहिनींची चूक काही नाही, वहीची आहे. वहीतली चौकट सारखी असते पण टाका उंचीपेक्षा रुंद असतो. वरच्या गेजचंच बघा, २२ टाके म्हणजे ४ इंच पण २२ ओळी म्हणजे जेमतेम ३ इंच. म्हणून उंची वाढवून काढायचा, २२ टाक्यांना ३० ओळी. कॉम्प्युटरवर रकाने रुंद आणि ओळी कमी उंचीच्या करून त्याच मापाची जाळी छापून घ्या आणि त्यावर काढा, मग कागदावर दिसतो तसाच विणला जातो.

माळावरचा_धनगर

लोकरीचं चाललंय म्हणून लिवतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं हायत, पट्टणकोडोलीच्या बाजूला. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर लोकांनी नुसती घोंगड्यापुरती ठेवलीय. माझी बायको मागच्या वर्षी दोन सुयांवर विणायला शिकली आणि आम्ही म्हातारीनं कातलेल्या काळ्या लोकरीचा असाच एक तुकडा विणून बघितला. घोंगड्याला मागावर चढवायच्या आधी सुताला चिंचोक्याची खळ लावत्यात, ती मात्र विणायच्या लोकरीला लावायची नाही, लावली तर सुईवर वळतच नाही. लोकर भरड हाय, अंगाला टोचती, हे खरं. पण शर्टावरनं घालायचं जाकीट असंल तर वारा अडवायला तिच्यासारखी दुसरी नाही, आणि रंग तिचा जन्माचाच, उडत नाही. कातलेला धागा एकसारखा नसतो म्हणून बारीक वीण काढू नका, साधी सुलट-उलट ठेवा आणि सुई जाड घ्या. ताई, तुमचं पहिलं ॲक्रिलिकचं होऊ दे. दुसरं करायचं असंल तर आपल्या मातीतल्या लोकरीचं करा, एवढीच विनंती.

राजारामपुरीची_लोकर

दादा, नक्की. आमच्या घरी आजोबांचं घोंगडं अजून आहे, त्याची ऊब मला माहीत आहे. हे विणता येतं हे मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं. वहिनींना विचारा, तुकड्याचं गेज किती आलं, मला लिहून ठेवायचंय.

माळावरचा_धनगर

५ मिमीच्या सुईवर ४ इंचात १५ टाके, २१ ओळी. धुऊन.

कातर_आणि_टेप

ताई, खिशाचं आणि बटणाचं राहिलं. मोबाईलचं वजन पाव किलोच्या जवळ जातंय कव्हर धरून, नुसत्या विणलेल्या खिशात ठेवला तर महिन्याभरात ती बाजू खाली लोंबणार आणि बटणं वाकडी दिसणार. खिसा आतून पॉपलीनचा शिवा. त्याचं वजन विणीवर येऊ देऊ नका, कापडाची एक कड बाजूच्या शिलाईत घ्या आणि दुसरी बटणपट्टीच्या शिलाईत, म्हणजे वजन दोन शिलायांवर राहील. डाव्या बाजूला आतून, छातीच्या खाली.

पुरुषाच्या कपड्याला काजं डाव्या भागावर येतात, घालणाऱ्याच्या डाव्या. बटणं ५ पुरतील. आणि सगळ्यात फुगीर जागा जिथं असेल तिथं एक बटण आलंच पाहिजे, त्याच्या वर-खाली बाकीची समान वाटा. तिथं बटण नसलं की दोन बटणांच्या मधे फट पडते.

मंगळवारपेठ_काकू

पट्टी बटणांची आधी विण गं, उजव्या भागाची. तिच्यावर पाचही जागी रंगीत दोरा बांध. मग काजांची पट्टी विणताना त्या दोऱ्यांसमोर काज घालत जा, आपोआप समोरासमोर येतात. आणि इस्त्री! ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवायची नाही. वीण चपटी होऊन चकाकते आणि ती पुन्हा कधीच उठत नाही. भाग शिवायच्या आधी ओले करून टॉवेलवर मापात पसर, टाचण्या लाव, सावलीत वाळू दे. तेवढ्याने कडा सरळ होतात.

पाठ आधी विण. ती सोपी आहे आणि पप्पांच्या अंगावर लावून बघता येते, काही चुकलं असेल तर तिथंच कळतं, पुढचे दोन भाग वाचतात.

राजारामपुरीची_लोकर

१९ दिवसांनी लिहितेय, पाठ झाली. रविवारी पप्पा फिरून आल्यावर शर्टावरच पाठीला लावून बघितली, आईने खांद्यावर धरली आणि मी काखेशी टाचण्या लावल्या. रुंदी अगदी बरोबर, खांदे हाडाच्या एक इंच आत, म्हणजे बॉर्डरला जागा आहे. मुंढा अर्धा इंच खोल वाटला म्हणून खांदे उसवून ४ ओळी कमी केल्या, आता ७२. मग पुढं व्ही पण १६ ऐवजी १२ ओळींनंतर सुरू करायचा, हे मी स्वतःच काढलं आणि दोनदा मोजून बघितलं. ६० ओळी तशाच राहतात ना?

शाहूपुरी_विणकर

तशाच राहतात. एकदम बरोबर.

राजारामपुरीची_लोकर

मग आज रात्री उजव्या भागाचे ६१ टाके घालते. पप्पांनी विचारलंय दिवाळीच्या आधी होईल का, मी हो म्हणून बसलेय.